पाठमोरा दारोगा

माणसाला साडू असू नये. आणि असलाच, तर त्याच्या ताब्यात सरकारी बाग असू नये. मेहुण्याशी भांडता येतं, व्याह्यावर रुसता येतं, पण साडू म्हणजे सासुरवाडीनं आपल्या शेजारी कायमची उभी करून ठेवलेली मोजपट्टी. दर सणाला तिच्याजवळ जाऊन उभं राहायचं आणि यंदाही आपण चार बोटं कमीच भरलो, हे हसतमुखानं ऐकून घ्यायचं. माझी बायको धाकटी, तिची बहीण अक्का थोरली, आणि त्या अक्कांचे यजमान ते माझे साडू. निजामाच्या अमदानीत ते धाराशिवच्या सरकारी बागेचे दारोगा होते आणि मी तिथल्याच सरकारी शाळेत गणिताचा मास्तर. आता गणिताच्या मास्तरानं बागेच्या दारोग्यापुढं काय करावं? मी रस्त्यानं निघालो की पोरं बोळात शिरायची. ते निघाले की त्याच बोळातून बाहेर यायची. मुरुमला सासऱ्यांच्या दुकानात कुणी पाहुणा बसलेला असला की सासरे आधी त्यांच्याकडं हात करून म्हणत, "हे आमचे थोरले जावई. धाराशिवची सगळी बाग ह्यांच्या हाताखाली." मग माझ्याकडं बघत. जरा विचार करत. आणि म्हणत, "हे ह्यांचे साडू." मीही त्यांचा जावईच होतो, पण याची त्यांना दर खेपेला आठवण करून द्यावी लागे.

साडूंचं रूप एकदा बघितलं की विसरणं कठीण. डोक्यावर काळ्या गोंड्याची लाल रुमी टोपी, टोपीखाली कपाळभर विभूती, गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी, शेरवानीखाली धोतर आणि धोतराखाली करकरणाऱ्या वहाणा. वरून खाली बघत गेलं की माणूस हैदराबादेहून निघून थेट अणदूरला पोचलेला दिसे. अणदूर हे त्यांचं गाव. अंगानं असे ऐसपैस की बागेच्या फाटकाचं एकच दार उघडं असलं तर दुसरं उघडेपर्यंत ते बाहेर थांबत. बोलणंही टोपीपासून वहाणांपर्यंत असंच बदलत जाई. कचेरीत ते अशी उर्दू बोलत की तहसीलदारांनी "वाह" म्हणावं, आणि कचेरीची पायरी उतरली की माळ्याला म्हणत, "आरं, त्या मोगऱ्याला पानी दिलंस का न्हाय? तोंड बघ कसं उतरलंय त्येचं." मी शाळेत दिवसभर उर्दूत गणित शिकवी, पण माझ्या उर्दूला कुणी कधी "वाह" म्हटल्याचं आठवत नाही.

त्यांचं एक ठाम मत होतं. जगातली सगळी दुखणी माणसं खेळत नाहीत म्हणून होतात. "खेळलं न्हाय की माणूस आंबतं, मास्तर," असं ते मला भेटतील तेव्हा सांगत. मला ते मास्तरच म्हणत. वैद्य काढा देतो तसे ते खेळ देत. पोट धरून बसणाऱ्या वकिलांना त्यांनी लगोरी दिली. कचेरीतल्या मुनशींची पाठ लिहून लिहून वाकली होती, त्यांना विटीदांडू दिला. बांधावरून कोर्टात भांडणाऱ्या बेंबळीच्या दोन भावांना तारखेच्या दिवशी गाठून त्यांनी हुतुतूच्या एकाच बाजूला उभं केलं. एक भाऊ पकडला गेला तेव्हा दुसऱ्यानं असा हात घातला की दोघं मिळून पलीकडच्या सात जणांना ओढत रेषेपर्यंत आले. दावा मिटला असं मी म्हणणार नाही, पण पुढच्या तारखांना दोघं एकाच गाडीतून येऊ लागले. मला मात्र त्यांनी कधी कुठला खेळ दिला नाही. एकदा मी विचारलंच. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून ते म्हणाले, "तुमचं दुखणं येगळं हाय, मास्तर." काय ते सांगितलं नाही.

त्या दिवसांत चार माणसं एका जागी जमली की सरकारच्या पोटात गोळा उठे. साडूंनी बागेत रोज संध्याकाळी हुतुतू आणि खोखो सुरू केले, तेव्हा कचेरीतून एक गृहस्थ साध्या कपड्यांत येऊन बाकावर बसू लागले. खेळताना सरकारविरुद्ध काय बोललं जातं ते त्यांना लिहून न्यायचं होतं. पहिल्या संध्याकाळी त्यांच्या कागदावर "हुतुतुतुतु" एवढंच उतरलं. दुसऱ्या संध्याकाळी "खो". वर काय कळवावं या विचारानं बिचारे घामाघूम झाले. साडू त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि मायेनं म्हणाले, "मियाँ, लिखने से समझ में नहीं आता. एक डाव खेलके देखो." पुढच्या आठवड्यात त्या गृहस्थांचा पाय खोखोत मुरगळला, आणि त्यानंतर कित्येक महिने ते पंच म्हणून काम बघत होते. मी त्याच वर्षी शाळेत संध्याकाळी पाढ्यांचे जादा वर्ग काढले होते. पावकी, निमकी, दिडकी, औटकी, सगळं पदरमोड करून शिकवत होतो. तिथं सरकारनं कुणालाही पाठवलं नाही. पोरंही आली नाहीत.

साडू रस्त्यानं चालत तेव्हा त्यांची नजर माणसांवर नसे, झाडांवर असे. कुठल्या फांदीला झोका बांधता येईल, हे बघण्याचा त्यांना नाद होता. आमचे चुलत सासरे वारले तेव्हा मुरुमच्या रुद्रभूमीत, म्हणजे स्मशानात, आम्ही सगळे माना खाली घालून उभे होतो. एकटे साडू वर बघत होते. मला वाटलं, डोळ्यांतलं पाणी परतवत असतील. तेवढ्यात माझ्या कानाशी येऊन ते हळूच म्हणाले, "त्या लिंबाची उगवतीकडची फांदी बघितलाव का? लई झकास हाय. दोन बायका बसल्या तर कुरकुरायची न्हाय." मला हसू आवरेना. मी तोंडाला उपरणं लावलं, खांदे हलू लागले, आणि जे व्हायचं तेच झालं. घरी आल्यावर सासऱ्यांनी मला सगळ्यांदेखत झापलं आणि वर सांगितलं, "थोरल्यांना बघा. आभाळाकडं डोळं लावून कसे उभे व्हते!"

फांदी नुसती बघून त्यांचं समाधान होत नसे. आपण स्वतः शेरवानी-टोपीसकट तिला लोंबकळून बघत. "जी फांदी मला पेलंल, ती धाराशिवातल्या कुठल्याबी लेकीला पेलंल," असं त्यांचं गणित होतं, आणि गणिताचा मास्तर असूनही मला त्यात चूक काढता आली नाही. दारोगासाहेब झाडाला लोंबकळताहेत हे दृश्य गावाच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की फिरायला आलेली माणसं त्यांना खालूनच रामराम करून पुढं जात. फुलांचाही त्यांचा कायदा होता. "देवाला एक, सोताच्या बायकोला एक. दुसऱ्याच्या बायकोला पाकळीबी न्हाय." मी एकदा मोगऱ्याचं ते माझ्या वाट्याचं एक फूल मागून घेतलं, रुमालात जपून घरी नेलं आणि मोठ्या ऐटीत बायकोपुढं धरलं. तिच्या अंबाड्यात मोगऱ्याचा अख्खा गजरा होता. मी वार बघायला विसरलो होतो. तो बुधवार होता.

आता बुधवारचं सांगतो, कारण माझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथं आहे. दर बुधवारी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत सरकारी बाग जनाना असे. कुंपणाला कापडाच्या कनाती लागत, पुरुषमाणसं बाहेर निघत आणि बायका आत जात. एरवी त्या काळच्या बाईला घर, आड आणि देऊळ एवढंच धाराशिव ठाऊक. बुधवारी मात्र मुनशींच्या घरचे बुरखे, पेठेतली इरकली लुगडी, गवळ्यांच्या वाड्यातल्या सासवा-सुना, सगळ्या त्या फाटकातून आत जात, आणि आत साडूंनी निवडलेल्या फांद्यांना झोके तयार असत. त्या दिवशी मोगराही त्यांना मोकळा असे. साडू स्वतः फाटकाबाहेर उभे राहत. बागेकडं पाठ, हाताची घडी, तोंड रस्त्याकडं. त्यांचा नियम असा की पुरुषानं आत जायचं नाही आणि पहारा करणाऱ्यानं मागं वळायचं नाही. एकदा जिल्ह्याचे तालुकदार, म्हणजे हल्लीच्या भाषेत कलेक्टर, पाहुण्यांना बाग दाखवायला घेऊन आले. साडूंनी कमरेत वाकून कुर्निसात केला आणि म्हणाले, "हुजूर, आज बाग आपकी नहीं है." तालुकदारांनी गाडी वळवली. असं माझ्या तोंडून निघालं असतं तर मी दुसऱ्या दिवशी तुरुंगात असतो.

उभं राहून राहून त्यांचे कान इतके तयार झाले होते की पाठमोऱ्यानं ते नुसत्या हसण्यावरून घर सांगत. "हे मुनशींच्या घरचं. हे पेठेतल्या वाण्याच्या धाकलीचं. हे गवळ्याच्या म्हातारीचं, दात न्हाईत न तिला." एका बुधवारी मी शाळेतून परतताना त्यांच्याशी दोन शब्द बोलायला थांबलो. तेवढ्यात कनातीमागून एक हसू आलं. मोठं, खळाळतं, मध्येच श्वास घ्यायला थांबून पुन्हा दुप्पट उसळणारं. असं हसू मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"हे कोण हो एवढं हसतंय?" मी विचारलं.

साडूंनी माझ्याकडं आश्चर्यानं पाहिलं. "वळखलं न्हाय? तुमच्याच घरातलं हाय की!"

माझ्या पायांखालची जमीन सरकली. माझी बायको घरी हसत नसे असं नाही. पण घरी ती पदर तोंडाशी धरून, आवाज न करता, परक्या घरी आल्यासारखी हसे. आणि हे हसू! हे माझ्या बायकोचं हसू इतकी वर्षं दर बुधवारी माझे साडू बसल्या जागी, उभ्या उभ्या म्हणा हवं तर, फुकटात ऐकत होते. मी सासऱ्यांकडची पहिली पंगत सोडली होती, गावाचा रामराम सोडला होता, मोगरा सोडला होता. पण हे मी सोडणार नव्हतो. ते हसू माझ्या घरी आलंच पाहिजे, असं मी त्या रस्त्यात उभा राहून ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी बाजारातून सोल, म्हणजे जाड दोर, आणला आणि घरच्या तुळईला झोका बांधला. आमचं घर मराठवाड्यात असतं तसं माळवदाचं, वर लाकडं आणि लाकडांवर मातीचा थर. बायकोला झोक्यावर बसवलं, समोर खुर्ची टाकून मी बसलो आणि म्हणालो, "हं, हस आता." ती फोटो काढायला बसावं तशी ताठ बसून राहिली. मी उठून एक झोका दिला. तुळई करकरली, माळवदातून ओंजळभर माती सुटली आणि थोडी तिच्या डोक्यावर, बाकीची चुलीवरच्या आमटीत पडली. ती मुकाट्यानं उतरली आणि केस झटकू लागली.

"तिकडं हसतेस, मग इथं काय होतं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"तिकडं कुणी बघत न्हाय ओ," ती म्हणाली. "तुमी असं समोर बसून बघाय लागलाव, कसं हसू यील?"

"मग मी कुठं बघू?"

ती आमटी बाहेर ओतून आली आणि पिठल्याला लागली. मला तिच्या बोलण्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. मला एवढंच दिसत होतं की साडूंकडं जमतं आणि माझ्याकडं जमत नाही.

त्यात दर वर्षी नागपंचमी येऊन जखमेवर मीठ चोळून जाई. आपल्याकडं पंचमीला भाऊ मुराळी होऊन येतो आणि बहिणीला सासरहून माहेरी घेऊन जातो. ज्या बाईला भाऊ नाही तिनं उंबऱ्यात बसून दुसऱ्यांच्या गाड्या जाताना बघायच्या. अक्कांना आणि आमच्या हिला भाऊ नव्हता. साडूंनी त्यावर तोड काढली. पंचमीला जमिनीत कुदळ घालायची नाही, म्हणून माळ्यांना सुट्टी. पाणी घालायचं नाही, म्हणून बागेची पाण्याची बैलगाडी रिकामी. तिच्यावरचं पाण्याचं पिंप काढून ते तिथं जाजम अंथरत आणि गावात ज्या ज्या घरी भावाविना बाई असेल त्या त्या दारात स्वतः मुराळी होऊन जाऊन उभे राहत. बाईनं रिवाजाप्रमाणं विचारायचं, "कुणाकडनं आलाव?" आणि साडूंनी टोपी सावरून म्हणायचं, "बागेकडनं आलोय." पिंपाच्या गाडीत बायका बसत आणि दिवसभर बाग त्यांचं माहेर होई. माझ्याही दारात ते येत. मुराळ्याचा मान म्हणून मला त्यांना पाटावर बसवून पुरणाचे दिंड वाढावे लागत. आधी साडू होते, आता बायकोचे भाऊही झाले. दोन्ही नात्यांनी मान त्यांचाच, आणि दिंडावर तूप वाढणारा मी.

मग रझाकारांचा तो वाईट काळ आला. गावं ओस पडली, माणसं सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडं गेली आणि एक पंचमी कुणी साजरी केली नाही. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. त्यानंतर मुनशींच्या घरच्या बायका कितीतरी दिवस दाराबाहेर दिसल्या नाहीत. गावात नवे साहेब आले. खादीची टोपी, बोलणं गोड, माणूस सज्जन. त्यांनी बाग बघितली, कनाती बघितल्या आणि म्हणाले, "दारोगासाहेब, आता स्वराज्य आलं. हे पडदे कशाला? बाग सर्वांना रोज खुली."

"साहेब," साडू म्हणाले, "सगळ्यांना रोज उघडी म्हंजे बायकांना रोज बंद."

साहेबांना हे कोडं वाटलं. कनाती कोठीत गेल्या. पुढच्या बुधवारी बायका फाटकापर्यंत आल्या, बाकांवर बिड्या ओढत बसलेले पुरुष त्यांनी बघितले आणि आल्या पावली परतल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत. महिनाभर साडू बिनकनातीच्या फाटकाशी पाठमोरे उभे राहत होते, पण मागून ऐकण्यासारखं काही येत नव्हतं. एके दिवशी त्यांनी शेरवानीची घडी घातली, झोक्याचे सोल खांद्यावर टाकले आणि अक्कांना घेऊन ते अणदूरला शेतावर निघून गेले.

खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. आता धाराशिवात सासुरवाडीचा जावई मी एकटा. पण घरात पदराआडचं ते पाहुणं हसूसुद्धा उरलं नाही. आषाढ सरत आला तेव्हा ही एकदा नुसतीच म्हणाली, "औंदा पंचमी लवकर हाय म्हणं." मी मोटारीत बसलो आणि अणदूर गाठलं. साडूंकडून ते सोल मागून आणायचे आणि त्यांच्यावाचून बाग भरवून दाखवायची, असा माझा डाव होता.

साडू बांधावरच्या लिंबाखाली बसले होते. टोपी नव्हती, शेरवानी नव्हती. वरपासून खालपर्यंत सगळे अणदूरचे झाले होते. माझी खुशाली विचारण्याआधी त्यांनी बागेतल्या एकेका झाडाची विचारली. मी माझा बेत सांगितला आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तेही सांगून टाकलं, की आमच्या हिचं हसू मी आयुष्यात एकदाच ऐकलं, ते तुमच्या फाटकाशी.

त्यांनी वर लिंबाच्या फांदीकडं बघितलं. मग म्हणाले, "एकदा तरी गावलं की, मास्तर. साऱ्या गावाच्या लेकींचं हसू ह्या पाठीला ठावं हाय. तुमच्या अक्काचं तेवढं न्हाय. लई बुधवार कान लावून हुभा ऱ्हायलो. ह्या गलक्यात तिचं कंचं, कधी उमगलं न्हाय. नशीबवान हाव तुमी."

माझे साडू माझ्यावर जळत होते! ज्या घटकेची मी लग्नापासून वाट बघत होतो ती अशी लिंबाखाली, फुकटात माझ्या पुढ्यात आली होती. मला पेढे वाटावेसे वाटायला हवे होते. त्याऐवजी जेवताना मी भाकरी नुसती कुस्करत बसलो. साडू हात धुवायला गेले तेव्हा मी अक्कांना हळूच विचारलं, "अक्का, बागेत तुम्ही झोक्यावर कधी बसला नाहीत का?"

"म्या कवा बसू?" अक्का हसून म्हणाल्या. तेही बिनआवाजाचंच. "सगळ्याजणी बसल्यावर झोका द्यायला कुणी नगं? दारोग्याची बायको म्या. आधी दुसऱ्यांच्या लेकी."

निघताना मी सोल मागितलेच नाहीत. उंबऱ्याबाहेर उभा राहून अक्कांना म्हणालो, "पंचमीला धाराशिवला यायचं. मुराळी आलाय असं समजा." त्यांनी रिवाजानं विचारलं, "कुणाकडनं आलाव?" मी म्हणालो, "बागेकडनं." साडूंनी माझ्याकडं बघितलं आणि उठून स्वतःच सोल मोटारीपर्यंत आणून दिले.

पंचमीच्या आदल्या दिवशी दोघं आमच्या घरी उतरले. सकाळी मी बागेच्या माळ्याला सांगून पिंपाची गाडी आणली. दोघी बहिणी चढल्या. मग मी गावात फिरलो. मुनशींच्या दारात मी जरा घुटमळलो. कडी वाजवल्यावर दार उघडायला फार वेळ लागला. फटीतून म्हाताऱ्या बीबींनी विचारलं, "किस के तरफ से आए?" मी म्हणालो, "बाग के तरफ से." आत कुजबुज झाली. थोड्या वेळानं एकामागून एक बुरखे बाहेर आले आणि गाडीत इरकली लुगड्यांनी सरकून जागा केली.

साडूंनी लिंबाच्या फांदीला स्वतः लोंबकळून खात्री केली, मी सोल बांधले आणि आम्ही दोघं बाहेर येऊन फाटकाशी उभे राहिलो. बागेकडं पाठ, तोंड रस्त्याकडं. कनाती नव्हत्या, हुकूम नव्हता, साडूंची टोपीही नव्हती. पुरुष येऊ लागले. पहिलाच चांगला मिशाळ गडी, साडूंना ढकलून आत जाणार तोच मी माझ्या वर्गातल्या आवाजात म्हणालो, "आत जायचंय? आधी औटकी म्हण." तो जागच्या जागी थबकला. माझा जुना विद्यार्थी होता. त्या गावात पंचविशीच्या आतला पुरुष सहसा माझाच जुना विद्यार्थी असे. "एक औट साडेतीन... बे औटं सात..." एवढं म्हणून त्याला घाम फुटला आणि काम आठवून तो निघून गेला. दुपारभर मी औटकी विचारत होतो आणि गाव माघारी जात होतं.

"मास्तर," साडू म्हणाले, "माझ्या टोपीला बी कुणी एवढं भ्यालं नव्हतं." आयुष्यात त्यांनी माझी केलेली ही पहिली स्तुती.

मग मागून हसणी येऊ लागली. साडू पाठमोरे सांगत होते, "हे मुनशींच्या घरचं. हसली की म्हातारी एकदाची." मग आमच्या हिचं आलं. मी ओळखलं. मान वळवायची अनावर इच्छा झाली, आणि तेव्हा मला तिचं ते जुनं बोलणं उमगलं. मी रस्त्याकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं आमच्या हिचाच आवाज आला, "आक्का, आज तू बस. म्या देते झोका." मग नुसती फांदीची कुरकूर. आणि मग एक नवीनच हसू उठलं. आधी अडखळलं, खोल विहिरीतून मोट वर यावी तसं सावकाश आलं, आणि एकदा वर आल्यावर असं सांडलं की रस्त्यावरचा केळीवाला थांबून बघू लागला.

साडूंची मान ताठ झाली. "हे... हे कुणाच्या घरचं ओ, मास्तर?"

"वळखलं न्हाय?" मी म्हणालो. "तुमच्याच घरातलं हाय की."

ते वळले नाहीत. एक हात मागं नेऊन त्यांनी फाटकाची सळई घट्ट धरली आणि दिवेलागण होईपर्यंत सोडली नाही. मी केळीवाल्याकडं बघत होतो.

पुढच्या पंचमीला साडू नव्हते. अक्कांना आणायला मीच गेलो, अजूनही जातो. फाटकाशी आता एकटाच उभा असतो, आणि डाव्या हाताची ती ऐसपैस जागा मोकळी असते. तिथं दुसऱ्या कुणाला मी उभं राहू देत नाही. त्यांच्यावर मी जन्मभर जळलो आणि त्याची मला लाज वाटत नाही. जळावं असा दुसरा माणूस मला पुन्हा भेटला नाही. फक्त एक गोष्ट मी त्यांना शेवटपर्यंत सांगितली नाही. त्या दिवशी अक्कांचं हसू आमच्या हिच्या हसण्यापेक्षा मोकळं होतं, चांगलं दोन बोटं सरस होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं, पण बोललो नाही. सगळंच काय म्हणून त्यांना मिळावं?